ड्यून बग्गीची सीट आणि तिचं कापड: मी कसं निवडते

ड्यून बग्गी म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर चालवायची हलकी, उघडी गाडी. ती बांधणारे लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा रंग ठरवूनच. नारिंगी गाडी, पांढरी सीट, कडेने नारिंगी पाइपिंग. मी वही उघडते आणि दुसरंच विचारते. गाडी वाळूत किती जाणार, रस्त्यावर किती? रात्री छपराखाली राहणार की उघड्यावर? चालवणारे किती जण, आणि त्यांच्या उंचीत फरक केवढा? या उत्तरांवरून सीट ठरते, सीटवरून फोम, फोमवरून कापड, आणि कापडावरून दोरा. रंगाचा नंबर त्यानंतर लागतो.

मी मूळची इचलकरंजीची. मागांच्या आवाजात वाढले, तिथल्याच डीकेटीई कॉलेजात वस्त्र अभियांत्रिकी शिकले, आणि आता बरीच वर्षं सॅन डिएगोला बोटींच्या सीट आणि गाद्या शिवते. हिवाळ्यात नवरा आणि मी आमची फायबरग्लासची बग्गी ट्रेलरवर चढवून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या ग्लॅमिसच्या वाळूत जातो. बोटीवर काम करता करता बग्गीकडे वळलेली मी एकटी नाही. ज्या गाडीमुळे ड्यून बग्गी जगाला माहीत झाली, ती मेयर्स मँक्स १९६४ साली कॅलिफोर्नियातल्याच न्यूपोर्ट बीचला घडली, आणि ती घडवणारे ब्रूस मेयर्स फायबरग्लासच्या बोटी बांधणारे होते. पुढच्या गाड्यांसाठी त्यांनी फोक्सवॅगन बीटलचा तळ सव्वाचौदा इंच कापून आखूड केला आणि त्यावर फायबरग्लासचा उघडा टब बसवला. दार नाही, काच नावापुरती, छप्पर असलं तर कापडाचं. म्हणजे सीटच्या दृष्टीने ही गाडी कमी आणि बोट जास्त. ऊन आणि पाणी थेट अंगावर घेणारी.

पण एक फरक मोठा आहे आणि तोच लक्षात ठेवायचा. बग्गीला कापड बोटीचं चालतं, गादी बोटीची चालत नाही.

आधी माप

घरातल्या लाकडी बाकावर ताठ बसा आणि दोन्ही कुल्ल्यांना दोन जाड पुस्तकं टेकवून त्यांच्यामधलं अंतर मोजा. कमरेचा घेर उपयोगाचा नाही. सीटच्या आतल्या बाजूची रुंदी या मापापेक्षा दोन्ही बाजूंना साधारण बोटभर जास्त हवी. त्याहून सैल सीटमध्ये वळणावर अंग सरकतं आणि हात स्टिअरिंगला लटकून राहतात. त्याहून घट्ट असली तर तासाभरात मांड्या बधिर होतात. हिवाळ्यात जाड जॅकेट घालणार असाल तर तेच घालून मोजा. नंतर मांडीची लांबी घ्या, पाठीच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंत. सीटचा पुढचा काठ त्या खळग्याच्या तीन-चार बोटं अलीकडे संपायला हवा, नाहीतर क्लच दाबताना काठ पायात रुततो.

आता गाडीचं माप. मँक्सच्या धाटणीच्या टबमध्ये मधला बोगदा (तळाच्या मधोमध पुढून मागे जाणारा उंचवटा) आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये जागा बेताचीच असते. तिथे पुठ्ठ्याची खोटी सीट कापून ठेवा आणि हातब्रेक ओढून, गिअर चारही ठिकाणी टाकून बघा. पुठ्ठा फुकट असतो, सीट नसते.

उंचीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. ग्लॅमिसचा वाळूचा पट्टा सुमारे चाळीस मैल लांब आहे आणि टेकड्यांच्या धारा चाकूसारख्या असतात. धारेवर चढताना पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. म्हणून तिथे प्रत्येक गाडीला जमिनीपासून आठ फुटांवर झेंडा लावावा लागतो. पण समोरच्याचा झेंडा दिसायचा तर तुमचे डोळे गाडीच्या नाकाच्या वर हवेत. शर्यतीच्या गाडीसारखी मागे कललेली, जमिनीला टेकलेली सीट फोटोत छान दिसते, पण चढावर तिच्यातून नुसतं आभाळ दिसतं. पाठ सरळीकडे झुकणारी ठेवा आणि बूड उचला.

मात्र उचलताना डोक्यावरच्या लोखंडी सांगाड्याचा पाइपही बघावा लागतो. कॉलेजची मुलं स्वतः बांधलेल्या अशा गाड्या उतरवतात त्या बाहा एसएई स्पर्धेत सांगाड्याच्या कुठल्याही दोन पाइपांना सरळ पट्टी टेकवली तर तिच्यात आणि चालकाच्या हेल्मेटमध्ये १५२ मिलिमीटर अंतर राहायला हवं असा नियम आहे. पीथमपूरच्या भारतीय बाहा स्पर्धेत गाड्या नेणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना हे पाठ असेल. घरी बांधलेल्या गाडीवर हा नियम कुणी लादत नाही, तरी मी तोच धरते. मोजायचं ते हेल्मेट घालून, सीटबेल्टचे पट्टे आवळून, पूर्ण वजन टाकून बसल्यावर.

कोणती सीट

तीन पर्याय समोर येतात.

पहिली फायबरग्लासची बुटकी बादली सीट (बकेट सीट), साठच्या दशकातल्या बग्गीत असायची तशी. हलकी, स्वस्त, धुवायला सोपी, आणि जुन्या गाडीला शोभणारी. पण तिची पाठ खांद्याच्या खाली संपते. मानेला मागून आधार नाही आणि खांद्याचे पट्टे ओवायला जागा नाही. समुद्रकिनारी गावात संथ फिरणाऱ्या गाडीला ती ठीक. टेकड्यांवर जाणाऱ्या गाडीला मी ती शिवून देत नाही, आणि हे तोंडावर सांगते.

दुसरी उंच पाठीची, ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लासच्या कवचाची. पक्की असते, पण धक्का शोषण्याचं सगळं काम फोमवर पडतं.

तिसरी सस्पेन्शन सीट. लोखंडी नळीची चौकट, तिच्यात खाटेसारखी विणलेली लवचीक दोरी किंवा पट्टे, वर पातळ फोम आणि ताणून बसवलेलं आवरण. पीआरपी, मास्टरक्राफ्ट, बिअर्ड या सीट बनवणाऱ्या कंपन्यांची नावं इकडे वाळूतल्या माणसांच्या तोंडी असतात. उडी बसते तेव्हा दोरी ताण घेते आणि हळूहळू सोडते. पाणी खाली गळून जातं, वाळूही. ज्याला खरंच वाळूत जायचंय त्याला मी हीच सांगते. एकच अट. सीट खाली झुकते तेव्हा तिच्या पोटाखाली बोल्ट, वायरिंग, अग्निशामक नळी असलं काही असता कामा नये. गाडीत सीट बसवा, दोघांनी मिळून तिच्यावर जोर द्या, तिसऱ्याने खाली हात घालून किती जागा उरते ते बघा.

सीट कशाला आवळायची हाही सीट निवडण्याचाच भाग आहे. नुसत्या फायबरग्लासच्या तळाला कधीच नाही. बोल्ट खालच्या लोखंडी तळातून जावा, पत्रा पातळ असतो म्हणून खालून जाड लोखंडी पट्टी द्यावी, आणि सांगाड्याला जोडता आलं तर उत्तम. पुढे-मागे सरकणारे रूळ वाळूत अडकतात. त्यापेक्षा चार-पाच भोकांची पट्टी बरी. आमच्या घरी मी पाच फुटांची आणि नवरा जवळजवळ सहा फुटांचा. सीट त्याच्या मापाने बसवली आहे, आणि माझ्यासाठी पाठीमागे बसणारा कडक फोमचा एक घडीव तुकडा आहे, मागून पट्ट्याने सीटलाच बांधलेला. सुटी उशी कधी ठेवू नका. धक्क्याने ती निसटली की आवळलेले पट्टे एकदम सैल होतात.

पट्ट्यांची भोकं सीटमध्ये खांद्याच्या रेषेत किंवा जरा वर हवीत. पट्टा खांद्यावरून खूप खाली जाऊन जमिनीला बांधला असेल तर अपघातात तो पाठीचा कणा खाली दाबतो. आणि डोक्यावर पक्का रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी पाइप) नसेल तर खांद्याचे पट्टे लावूच नयेत, कारण गाडी उलटली तर माणूस ताठ अडकून राहतो. भोकांच्या कडांना कापड नुसतं दुमडून शिवू नका, रबरी किंवा प्लास्टिकची चौकट बसवा. तिथे पट्टा रोज घासतो.

फोम

बोटीत चार इंचांचा मऊ फोम लोकांना आवडतो. बग्गीत तोच फोम घातक ठरतो. गाडी टेकडीवरून सुटून वाळूवर बसते तेव्हा मऊ फोम आधी सगळा दबतो. तेवढ्या वेळात अंग खाली येतच राहतं, आणि फोम संपला की कवचाचा धक्का माकडहाडाला एकदम बसतो. म्हणून कवचाच्या सीटमध्ये मी तळाला इंचभर बंद पेशींचा कडक फोम घालते, जो पाणी पीत नाही, आणि वर दीड-दोन इंच उघड्या जाळीचा. या जाळीच्या फोममधून फुंकर आरपार जाते आणि ओतलेलं पाणी खाली निघून जातं. तो महाग आहे. पण उघड्यावर राहणाऱ्या गाडीत साधा पॉलियुरेथेन फोम घातला तर आवरण वरून कोरडं आणि आतून आठवडाभर ओलं असतं.

पुण्यातल्या फोमवाल्याकडे "चाळीस डेन्सिटी" मागतात. इथे त्यालाच अडीच पाउंड म्हणतात, दर घनफुटाला. दोन्हीकडे एक गल्लत ऐकते. डेन्सिटी वाढली म्हणजे फोम कडक झाला असं नाही. डेन्सिटीवरून तो किती वर्षं बसका होणार नाही ते कळतं. कडकपणा वेगळा मोजतात आणि वेगळा मागावा लागतो. दुकानात तुकडा जमिनीवर ठेवा, त्यावर एका गुडघ्याने उभं राहा. गुडघ्याला फरशी लागली तर तो फोम परत द्या.

फायबरग्लासच्या सीटमध्ये सगळ्यात खोलगट जागी अर्ध्या इंचाचं भोक पाडा. फोमच्या खालच्या थरातही त्याच जागी.

कापड

आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो त्याच जातीचं पण उन्हापाण्यासाठी बनवलेलं जे कापड, ते बोटीचं व्हायनिल. वरच्या पीव्हीसीच्या थरात अतिनील किरणं आणि बुरशी रोखणारी द्रव्यं असतात. मात्र खरी ओळख मागच्या बाजूला असते. उलटं करून बघा. पाठ विणलेल्या पॉलिएस्टरची असायला हवी. सुती पाठ ओल धरते, कुजते, आणि वरचा थर शाबूत असतानाच कापड फाटतं. शंका आली तर पाठीचा एक धागा ओढून काढा आणि मोकळ्या जागेत काडीने जाळा. सुती धागा कागदासारखा वास देऊन राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकलेली ही परीक्षा मी अजून दर नव्या गठ्ठ्यावर करते.

मग कापड आडवं आणि उभं ओढा. दोन्हीकडे थोडं ताणून परत येणारं कापड बादलीच्या गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. गाडीच्या आतलं साधं व्हायनिल, जे बंद काचेच्या आड राहायला बनवलेलं असतं, ते या उन्हात टिकत नाही. त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य उडून जातं आणि कापड पापडासारखं तडकतं.

व्हायनिलची अडचण एकच, ते श्वास घेत नाही आणि तापतं. वाळूतला हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असा असला तरी दुपारी उभ्या गाडीतल्या काळ्या सीटवर उघड्या मांडीने बसवत नाही. म्हणून मी बहुतेक वेळा दोन कापडं मिसळते. बाजू, काठ आणि पाठीमागचा भाग व्हायनिलचा, आणि अंग टेकतं तो मधला पट्टा पीव्हीसी चढवलेल्या पॉलिएस्टर जाळीचा. बागेतल्या खुर्च्यांना लावतात तीच जात. ती गार राहते, घाम आणि पाणी खाली सोडते. सस्पेन्शन सीटवर ही जोडी अप्रतिम बसते.

काही जण शर्यतीच्या गाडीसारखं नायलॉन मागतात, हजार डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्ड्युरा वगैरे. घासण्याला नायलॉन फार चिवट आहे, बूट आणि बकल घासतात त्या काठांना मी ते लावते. पण नायलॉन हवेतली चार टक्के ओल धरतं, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के, आणि उन्हात नायलॉन वर्षागणिक कमजोर होत जातं. छपराखाली राहणाऱ्या गाडीला घ्या, उघड्यावर राहणाऱ्या गाडीला नको. सनब्रेलासारखं ॲक्रिलिक उन्हाला सगळ्यात पक्कं, कारण तंतू काढतानाच त्यात रंग मिसळलेला असतो, नंतर रंगवलेला नसतो. बसायला मऊ, गार. फक्त त्यातून पाणी आत झिरपतं, म्हणून खाली जाळीचाच फोम हवा, आणि घासण्यात ते पॉलिएस्टरच्या मागे आहे. चामडं आणि सुती कॅनव्हास यांचा विचार करू नका.

विकत घेताना अमेरिकेचा ३०२ क्रमांकाचा वाहन मानक पाळला आहे का ते विचारा. त्यात कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये अशी अट आहे. छोट्या गाडीत पेट्रोलची टाकी माणसापासून फार लांब नसते.

आता रंग. काळा तापतो. शुभ्र पांढऱ्यावर कधी कधी गुलाबी डाग उठतात. ते आतल्या ओलीत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे असतात, रंग आतून वर येतो आणि कशानेही निघत नाही. बोटींवर मी हे सतत बघते. फिका राखाडी किंवा वाळूचाच रंग घेतला तर ऊन आणि धूळ दोन्ही सोसतं. भडक रंग हवाच असेल तर पाठीच्या वरच्या पट्टीत घाला, तिथे अंग टेकत नाही आणि लांबून तोच दिसतो. दुकानातून तुकडे आणून गाडीच्या रंगाशेजारी बाहेर उन्हात ठेवा. दुकानाच्या दिव्याखाली रंग ठरवू नका.

चुण्या, शिवण आणि दोरा

साठच्या दशकात इकडची गाडीवेडी मुलं सरहद्द ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआनाला जात आणि स्वस्तात गाडीच्या आत "टक अँड रोल" करून आणत, म्हणजे फोम भरलेल्या समांतर, फुगीर चुण्या. जुन्या बग्गीवाल्यांचा जीव अजून त्यात अडकलेला असतो. एल सेंट्रोहून एक निवृत्त शिक्षक अशाच पांढऱ्या चुण्या मागायला आले होते, आणि त्यांच्या मनातली ती सीट मलाही आवडली. पण प्रत्येक चुणीच्या खाचेत सुईच्या भोकांची रांग असते. बुडाखाली त्या खाचेत वाळू साठते, पाणी साठतं, भोकांतून आत जातं, आणि वाळूचे कण आतल्या बाजूने कापड घासत राहतात. मी त्यांना चुण्या फक्त पाठीवर घालून दिल्या, उभ्या, म्हणजे पाणी वाहून जाईल अशा. बूड सलग कापडाचं, एकही मधली शिवण नाही. गाडीत बसलेला माणूस सोडला तर बूड कुणाला दिसतंय?

उघड्या गाडीत कापडाआधी दोरा मरतो. व्हायनिल चांगलं असतं आणि शिवणी उसवलेल्या असतात, अशा सीट माझ्याकडे सतत येतात. सुती दोरा बादच. नायलॉन दोरा ओढायला मजबूत, पण उन्हात सडतो. बाँडेड पॉलिएस्टर घ्या, इथल्या जाडीच्या नंबरांत व्ही-९२, आणि जाड काठांना व्ही-१३८. व्ही-९२ला सुई अठरा ते वीस नंबरची. गाडी कायम उघड्यावर राहणार असेल तर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा दोरा घ्या. त्याला ऊन काही करत नाही. रीळ कित्येक पट महाग पडतं, पण दोन सीटला दोरा लागतो तरी किती? मजुरी मात्र उसवल्यावर दुप्पट होते.

टाका मोठा ठेवा, इंचाला सहा-सात. बारीक टाका घातला तर व्हायनिल टपालाच्या तिकिटासारखं भोकांच्या रेषेवर फाटतं. शिवण सीटच्या ऐन काठावर आणू नका, जिथून चढता-उतरताना मांडी घासते. दोन इंच आत किंवा खाली उतरवा. पाइपिंग त्या काठाला टाळा, पाठीच्या कडेला हौसेने लावा. शिवण उघडून दोन्ही बाजूंनी वरून टीप मारली की ताण वाटला जातो.

घरी शिवणार असाल तर कपड्यांचं मशीन या जाडीला पुरत नाही. वरचा पायही कापडासोबत चालतो असं वॉकिंग फूट मशीन लागतं. माझ्याकडे कॉन्स्यू २०६ आहे. मशीन नसेल तर नमुने घरी कापून शिलाई बाहेर करून घ्या. नमुना वर्तमानपत्राचा नको, जाड पारदर्शक प्लास्टिकचा घ्या. सीटवर चिकटपट्टीने लावून शिवणीच्या रेषा पेनने आखता येतात. कापड ५४ इंच पन्ह्याचं मिळतं. उंच पाठीच्या दोन सीटला चार ते पाच वार लागतात, बुटक्या दोन असतील तर तीन वारांत भागतं.

आवरण काढता येईल असंच शिवा. धातूची चेन वाळूने अडते आणि गंजते, म्हणून जाड प्लास्टिक दातांची घ्या आणि तिचं तोंड सीटच्या खालच्या बाजूला ठेवा. वेल्क्रोच्या आकड्यांत वाळू भरते. मला खालून ओढायची दोरी सगळ्यात भरवशाची वाटते. स्टेपल आणि रिंगा स्टेनलेसच्या, नाहीतर पहिल्याच ओल्या हिवाळ्यानंतर तांबूस ओघळ दिसतील. फोम चिकटवायला उष्णता सोसणारं काँटॅक्ट सोल्युशन घ्या.

वाळूतून घरी आलात की आधी हवेने किंवा व्हॅक्यूमने वाळू काढा, मग पाणी मारा. उलटं केलं तर वाळू शिवणीत रुतते. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रश. टायर चमकवायची द्रव्यं आणि थिनर व्हायनिलला कडक करतात. अंगाला लावलेलं सनस्क्रीनही डाग पाडतं, ते त्याच दिवशी पुसा.

काम झाल्यावर उरलेलं कापड फेकू नका. अर्धा वार व्हायनिल, रिळातला उरलेला दोरा, आणि गठ्ठ्यावरचा लॉट नंबर लिहिलेली चिठ्ठी एका पिशवीत घालून अंधाऱ्या कपाटात ठेवा. त्याच नावाचा त्याच कंपनीचा रंग पुढच्या लॉटमध्ये किंचित वेगळा येतो, आणि बकलने फाटलेला एक पट्टा बदलायची वेळ आली की हा तुकडाच लागतो. गाडीतली सीट तोवर थोडी उडालेली असेल, म्हणून नवा पट्टा बसवण्याआधी दोन-तीन आठवडे उन्हात टांगून ठेवा.